गोठ्यातली जीप, तळ्यातली बुगाटी

बोदलकशाहून तिरोड्याकडे परतताना रस्त्याकडेच्या एका घरी पाणी प्यायला थांबलो होतो. मे महिना संपत आलेला. गोठ्यात रचलेल्या तणशीच्या आड काही तरी लोखंडी दिसले. घरच्यांनी तणस बाजूला केली तेव्हा आधी दोन गोल दिवे दिसले, मग मधली उभ्या खाचांची जाळी. जीप होती. चाके गेलेली, चारी बाजूंनी सागाच्या ओंडक्यांवर टेकवलेली. पायाखालचा पत्रा इतका कुजलेला की त्यातून गोठ्याची जमीन दिसत होती. बोनटची कड बोटाने दाबली तर पापुद्रा सुटून हातात आला. मागच्या बाकाच्या सांगाड्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

घरधनी म्हणाले, "आज्याची हाय जी. भंगारवाला दोनदा पाहून गेला. काय करावं जी हिचं?"

त्या दिवशी मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. हाच प्रश्न आपल्याकडे पुष्कळ घरांत पडून आहे. कुठे मालगुजाराच्या वाड्यात मोडकी शेवरोले असते, कुठे राइस मिलच्या मागे फोर्डचा सांगाडा, कुठे जुन्या पंपामागे बिनचाकांची फियाट. प्रश्न निघाला की तीनच उत्तरे कानावर येतात: विकून टाका, नवीकोरी करून घ्या, किंवा असू द्या तिथेच. ही तिन्ही उत्तरे घाईची आहेत असे माझे मत आहे. ती का घाईची, आणि मग करायचे तरी काय, हे जगभरच्या अनुभवावरून पाहू.

आधी गाडी कोणती ते ठरवावे लागते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. त्या गोठ्यात आम्ही जाळीच्या खाचा मोजल्या. नऊ भरल्या. युद्धकाळातल्या लष्करी जीपच्या दाबीव पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा असत, नंतरच्या नागरी जीपला सात. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवलेली सीजे-थ्रीबी तर लांबूनच ओळखू येते, कारण तिचे इंजिन उंच असल्याने बोनटही उंच. ही ती नव्हती. मग पुढच्या बंपरच्या मागे हात घातला. विलिज कंपनीच्या जीपला तिथे गोल नळीची आडवी दांडी असते, फोर्डने बनवलेल्या जीपला उलट्या खोक्यासारखी चपटी. हाताला चपटी लागली. मडगार्डच्या एका बोल्टावर खिळ्याने खरवडले तर गंजाखालून इंग्रजी 'एफ' अक्षर वर आले. फोर्ड आपल्या जीपच्या सुट्या भागांवर आणि बोल्टांवर हे अक्षर उठवत असे.

एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांत एका जीपचे बोल्ट दुसरीला लागलेले असतात. खरा पुरावा चेसिसवर असतो. फोर्डचा नंबर डाव्या रुळाच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो, विलिजचा आतल्या बाजूला रिबेटने मारलेल्या छोट्या पाटीवर. रॉकेलच्या बोळ्याने तो रूळ पुसला तेव्हा चार-पाच आकडे पुसटसे दिसले. तारेचा ब्रश लावण्याचा मोह झाला, तो आवरला. ब्रशने गंजाबरोबर आकडेही जातात. खडूची भुकटी चोळून, तिरपा उजेड टाकून फोटो काढला. वाचता आले ते आकडे मी वहीत लिहून घेतले.

या जीपा इथे आल्या कशा? दुसऱ्या महायुद्धात विलिज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या. साठ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि सहा व्होल्टची वीज, एवढ्यावर ती कुठेही जाई. युद्ध संपल्यावर लष्कराचे जास्तीचे सामान लिलावात निघाले आणि 'डिस्पोजलची जीप' हा शब्द आपल्या बोलीत आला. महिंद्रा कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि काही वर्षांतच मुंबईत आयात भागांच्या जीपा जोडायला लागली. पूर्व विदर्भाच्या रानवाटांना दुसरी गाडी चालत नसे. ठेकेदार, मालगुजार आणि शिकारी, तिघांनाही जीपच लागे. पुढे १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि मालगुजारी तलाव सरकारजमा झाले. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला आणि शिकारीच्या जीपांचे कामच उरले नाही. अनेक गाड्या त्या दशकांत ओंडक्यांवर चढल्या त्या चढल्याच. म्हणून अशी गाडी एका घराची अडगळ नाही. तिच्या अंगावर या मुलखाचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

तो खरोखर अंगावर असतो. त्या जीपच्या दरवाजाच्या कडेला दोन बोटे रुंदीची जागा मी ओल्या बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासली. आधी पांढरा रंग निघाला, त्याखाली मरून, त्याखाली पिवळसर अस्तर आणि अगदी तळाशी फौजेचा शेवाळी. चार मालक किंवा चार काळ, त्या दोन बोटांच्या जागेत एकाखाली एक.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर अशाच एका बोनटवर रेती मारली गेली होती. अर्ध्या तासात रंगाचे सगळे थर गेले आणि पत्रा ठिकठिकाणी जाळीसारखा झाला. मग त्यावर पुट्टीचे थर चढले आणि वर चकचकीत हिरवा रंग. पाहणाऱ्यांनी वाहवा केली. मी तेव्हा काही बोललो नाही, याचे आजही वाईट वाटते.

आता तळ्यातली गाडी. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर माज्जोरे नावाचे सरोवर आहे. त्याच्या तळाशी १९२५ ची बुगाटी ब्रेशिया पडून होती. आस्कोना गावात बेवारस राहिलेल्या त्या गाडीची जकात भरायला कोणी पुढे आले नाही, म्हणून जकात अधिकाऱ्यांनी १९३० च्या दशकात ती साखळीला बांधून पाण्यात सोडली असे सांगतात. साखळी गंजून तुटली आणि गाडी ५३ मीटर खोल गेली. सोळा-सतरा मजली इमारत बुडेल एवढे ते पाणी. १९६७ मध्ये एका पाणबुड्याला ती सापडली. नंतर कित्येक वर्षे पाणबुडे नुसते तिच्या दर्शनाला जात. जुलै २००९ मध्ये तिथल्या पाणबुड्यांच्या क्लबाने ती वर काढली. मारहाणीत जीव गेलेल्या एका स्थानिक तरुणाच्या नावाने संस्था उभी करायची होती, तिच्यासाठी पैसे हवे होते. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात तो गंजका सांगाडा २,६०,५०० युरोंना गेला.

विकत घेतली कॅलिफोर्नियातल्या मलिन संग्रहालयाने. बुगाटीची निगा कशी घ्यावी हे त्या संग्रहालयाइतके जाणणारे लोक जगात थोडे असतील. पैसाही होता, कारागीरही होते. तरीही त्यांनी तिला हात लावला नाही. २०२४ मध्ये संग्रहालय बंद होईपर्यंत ती तशीच मांडलेली होती. कारण सरळ आहे. दुरुस्त केली असती तर पाचातले चार भाग नवे घालावे लागले असते. मग जी गाडी उभी राहिली असती ती ब्रेशिया जातीच्या इतर गाड्यांसारखीच असती, आणि तळ्यातली बुगाटी जगात कुठेच उरली नसती.

या उदाहरणातली रसायनाची बाजूही पाहण्यासारखी आहे. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. तळाच्या घट्ट गाळात प्राणवायू जेमतेम पोचतो, म्हणून गाळात रुतलेला पत्रा दशकानुदशके तग धरतो. वर काढल्यावर मात्र ओल्या लोखंडाला एकदम मोकळी हवा मिळते आणि वर्षांचे काम आठवड्यांत होते. म्हणजे गाडी बाहेर काढणे हा बचाव आहेच असे नाही. बोदलकसा, चोरखमारा, नवेगावबांध या तलावांच्या मुलखात उन्हाळ्यात पाणी उतरते आणि गाळ उघडा पडतो. त्यातून उद्या कुणाला काही लोखंडी सापडले तर ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढण्याआधी पुढची तयारी झालेली असली पाहिजे.

आणि गोठा तर तळ्यापेक्षा वाईट. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया पितळेला आतून तडे पाडतो. इंग्रजी फौजेने पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली पितळी काडतुसे भारतातच तडकत असत, आणि त्याचे कारण अमोनिया हे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. रेडिएटरची पितळी टाकी, कार्बोरेटरचे जेट, दिव्यांच्या कड्या सगळ्यांना हेच लागू आहे. ओली तणस लोखंडाला चिकटून बसते ते निराळेच. ज्या जुन्या मोटारींच्या बॉडीला लाकडी सांगाडा असतो त्यांना वर उधळीची भीती.

जगभरचे मत गेल्या पंचवीस वर्षांत हळूहळू एका दिशेला सरकले आहे. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या मेळाव्यात, जिथे आरशासारखे चमकणारे रंग जिंकत, तिथे २००१ पासून न रंगवलेल्या, जशाच्या तशा राहिलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे. फ्रान्समधल्या बेयों कुटुंबाच्या शेडांखाली अर्धशतक पडून राहिलेल्या गाड्या फेब्रुवारी २०१५ मध्ये धुळीसकट, गंजासकट लिलावात मांडल्या गेल्या आणि लोकांनी धुळीसकट घेतल्या. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने तुरीनची सनद केली, ती जुन्या वास्तूंसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या वळणाने. आहे ते टिकवणे, झीज थांबवणे, गेलेले पुन्हा घडवणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत असे ती सांगते. आपल्या गॅरेजमध्ये या तिन्हींना एकच शब्द आहे: 'रिस्टोर'. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

उलट बाजूही मांडली पाहिजे. १९१० ची कलकत्त्याची हंसाच्या आकाराची ब्रूक मोटार पुढे नाभा संस्थानाकडे होती आणि तिची दशा दशा झाली होती. १९९१ मध्ये ती नेदरलँड्सच्या लाउमन संग्रहालयाकडे गेली, तिथे तिचे मोठे काम झाले आणि आज ती पाहण्यासारखी आहे. अशी गाडी जगात एकच, आणि हंस दिसलाच नाही तर तिचा अर्थच गेला. तिथे पुन्हा घडवणे मला योग्य वाटते. नेताजी ज्या वाँडरर मोटारीतून जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्यातून निसटले ती २०१७ मध्ये दुरुस्त होऊन लोकांसमोर आली. ती पाहून माणसे भारावतात, ते खरेच आहे. पण व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर ज्यात गोळ्या झाडल्या गेल्या ती मोटार गोळीच्या भोकासकट ठेवलेली आहे, आणि ते भोक बुजवावे असे कुणाच्या मनातही येत नाही. गाडी कशाची साक्ष देते त्यावर तिची डागडुजी ठरते.

आपल्याकडचे सर्वांत सुंदर उदाहरण कोल्हापूरचे. छत्रपती घराण्याची मेबॅक दरवर्षी दसऱ्याला शाही लवाजम्यात दसरा चौकात येते. ती कधी अडगळ झालीच नाही, कारण तिला वर्षातून एक दिवस का होईना ठरलेले काम आहे. रेंगीचे चाक बदलले, जू बदलले, साटा बदलला, तरी ती वापरात आहे तोवर तीच रेंगी असते. चालत्या गाडीला हा न्याय लावता येतो. पन्नास वर्षे ओंडक्यांवर बसलेल्या गाडीला लावता येत नाही, कारण तिच्यातला नवा भाग तिच्या आयुष्याचा नसतो, तो आपल्या हौसेचा असतो.

जीपच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण तिचे सगळे मिळते. पत्र्याची अख्खी बॉडी नवी बनवून मिळते. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जीपा बांधण्याचा धंदाच आहे. गोठ्यातली जीप तिकडे पाठवली तर सुरेख गाडी परत येईल. पण तिच्यात आज्याची एखादी चेसिसची पट्टी उरेल, आणि तो चार रंगांचा दरवाजा तिथल्या भंगारात जाईल.

कायद्याचे म्हणणेही याच बाजूचे आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. अट अशी की तिचे मूळ रूप टिकलेले असावे आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते, आणि ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे हौसेने इंजिन बदलून डिझेलचे बसवले की ही वाट अवघड झाली.

खरी अडचण कागदांची. गोंदियातल्या अशा गाडीने कारभाराचे अनेक बदल पाहिलेले असतात. जुना मध्य प्रांत, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र, आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो बदल. नोंदणीचे पुस्तक पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांत, कधी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात असते. चेसिस जितकी मोलाची तितकाच हा कागद मोलाचा. गाडीवर हात ठेवण्याआधी घरातल्या पेट्या उघडाव्यात, वारस कोण कोण आहेत हे लिहून काढावे.

मग हाताने करण्याची कामे. गाडी कोरड्या, छप्पर असलेल्या, हवा खेळणाऱ्या जागी न्यावी, पायाखाली विटा घालाव्यात. प्लास्टिकची ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो. प्रेशरच्या पाण्याने धुवू नये. इंजिन जाम असेल तर ढकलून किंवा हँडल मारून फिरवण्याचा प्रयत्न करू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहावी. सुटे लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर जोडून गंजमुक्त करता येतात, पण ते उघड्यावरच करावे, कारण हायड्रोजन सुटतो, आणि त्यात स्टेनलेस स्टीलची पट्टी कधी घालू नये. उसाच्या मळीच्या पातळ द्रावणातही गंज सुटतो. मात्र दोन्ही रीती लोखंडापुरत्याच. कार्बोरेटर किंवा ॲल्युमिनियमचा पिस्टन त्यात टाकला तर तो खाल्ला जातो.

सर्वांत उपयोगी दोन वस्तू इथल्याच आहेत. हिरड्यातले टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळा, टिकाऊ थर करते. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपले लोक पूर्वी याच गुणाने बनवत, आणि बाजारात गंज थांबवणारे जे महागडे द्रावण मिळते त्यातही बहुधा टॅनिक आम्लच असते. दुसरी वस्तू जवसाचे तेल. धानानंतर बांधीत उतेरा म्हणून जो जवस घेतात, त्याचे उकळलेले तेल पातळ पुसले की जुन्या रंगावर पारदर्शक कातडी धरते. ते रंग थोडा गडद करते आणि पुढे काढणे कठीण जाते, म्हणून संग्रहालयवाले त्याऐवजी मेण पसंत करतात. जिथे नंबर आहे, जिथे जुनी अक्षरे आहेत, तिथे मेणच लावावे. आणि हिरड्याचे पाणी आधी एखाद्या कोपऱ्यात लावून पाहावे, कारण त्याचा काळा डाग निघत नाही.

गाडी ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतो. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरो गेजचे संग्रहालय आहे. ज्या छोट्या गाड्यांनी गोंदियाच्या माणसांना सातपुड्यापलीकडे नेले, त्यांच्या जातीची इंजिने तिथे उभी आहेत. ती धावत नाहीत म्हणून कुणी त्यांना भंगार म्हणत नाही. रस्त्यावरच्या वाहनांसाठी मात्र पूर्व विदर्भात असे काही माझ्या पाहण्यात नाही. बोदलकशाला पर्यटक येतात, नागझिऱ्याला येतात. दिवसभर जिप्सीत बसून रान पाहतात आणि परत जातात. या रानात पहिल्यांदा मोटार शिरली ती कशी होती हे दाखवणारी एक शेड तिथे असावी असे मला मनापासून वाटते. तिला चालणारी गाडी लागत नाही. गोठ्यातली ही जीप, तिचा चार रंगांचा दरवाजा, नऊ खाचांची जाळी आणि नोंदणीच्या पुस्तकाची प्रत एवढे पुरेल.

त्या घराला मी नंतर जे कळवले ते असे. विकू नका. नवी करू नका. पाऊस लागायच्या आत गोठ्यातून पडवीत आणा, कोरडी करा, हिरडा आणि मेण लावा, आज्याचे कागद शोधा. इंजिन हाताने फिरू लागले तर पुढचा विचार दोन वर्षांनी करू, नाही फिरले तरी गाडी आहे तशी ठेवण्याजोगी आहे. चेसिस पूर्ण असती, बॉडीचा निम्म्याहून जास्त पत्रा शाबूत असता, कागद हातात असते आणि चालवणारा कुणी घरात असता, तर दुरुस्त करा असेच सांगितले असते. इथे यातले एकच होते, ती चेसिस.

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, मामाच्या वाड्यात, मिलच्या मागे अशी गाडी असेल तर भंगारवाल्याचा काटा दारात यायच्या आधी तीन फोटो काढा: चेसिस नंबरचा, इंजिन नंबरचा, आणि नोंदणीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही गाडी कुठून आली आणि शेवटची कधी चालली. ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा.